अणुस्फोट-अभिज्ञान

दूर अंतरावर झालेला एखादा मोठा स्फोट अणुकेंद्रीय होता की नेहमीच्या रासायनिक स्फोटक द्रव्यांचा होता, हे त्या स्थळी न जाता मिळणाऱ्या पुराव्यांवरून ठरविणे, याला अणुस्फोट-अभिज्ञान म्हणतात. भूकंपविज्ञान, वातावरणविज्ञान, किरणोत्सर्गी रसायनशास्त्र व प्रकाशकी या शाखांचा त्यात उपयोग होतो. हा प्रश्न प्रयोगशाळेत उपस्थित झालेला नसून राज्यव्यवहारात उपस्थित झालेला आहे. झालेला अणुस्फोट लपविण्याचा किंवा न झालेला अणुस्फोट केल्याचे भासविण्याचा हेतू एखाद्या राष्ट्राला असू शकतो. ज्या कराराचे उल्लंघन ओळखता येत नाही, असा करार कोणीही गंभीरपणे पाळत नाही. त्यामुळे १९४५ पासून अण्वस्त्रबंदीच्या प्रत्येक वाटाघाटीत हा तांत्रिक प्रश्न राजकीय प्रश्नाच्या पाठोपाठ, आणि पुष्कळदा त्याच्या पुढेच, येत राहिला.

दोन स्फोटांतील मूलभूत फरक : रासायनिक स्फोटात रेणूंतील बंध तुटून नवे बंध तयार होतात व त्यांतून ऊर्जा मुक्त होते. अणुकेंद्रीय स्फोटात अणुकेंद्रांचे भंजन किंवा संघटन होते. एक किलोटन ऊर्जा म्हणजे १०००० कोटींच्या दसपट, म्हणजे १०<sup>१२</sup> कॅलरी. तेवढी मिळविण्यास सु. १००० टन टी.एन.टी. लागते, तर भंजनक्षम द्रव्य सु. ५७ ग्रॅ. पुरते. १००० टन टी.एन.टी.चा घन रचला, तर त्याची बाजू साडेआठ मी.च्या आसपास भरते. प्रस्फोटनाची लाट या ढिगातून सेकंदाला सु. ७ किमी. वेगाने जाते, म्हणजे संपूर्ण ढीग पेटण्यास सहस्रांश सेकंदाच्या जवळपास काळ लागतो. अणुबाँबमधील शृंखला विक्रिया एक दशलक्षांश सेकंदाच्या आत आटोपते. परिणामी रासायनिक स्फोटातील वायूंचे तापमान काही हजार अंश से. राहते, तर अणुस्फोटात ते काही कोटी अंशांवर जाते. या एका फरकातून पुढील बहुतेक सर्व खुणा उद्‌भवतात. हवेतील अणुस्फोटाची सु. निम्मी ऊर्जा आघात तरंगात व सु. एक तृतीयांश ऊर्जा उष्णता आणि प्रकाश यांच्या रूपाने बाहेर पडते. उरलेली किरणोत्सर्गाच्या वाट्यास जाते. रासायनिक स्फोटात किरणोत्सर्ग मुळीच नसतो.

सर्वसामान्य प्रेक्षकाला जी खूण सर्वांत बोलकी वाटते, ती मात्र येथे निरुपयोगी आहे. छत्रीच्या आकाराचा ढग हे अणुबाँबचे लक्षण नव्हे. अतितप्त वायूंचा गोळा हवेत वेगाने वर चढू लागला की, त्याच्या कडा आत वळतात व खालची धूळ दांड्यासारखी वर ओढली जाते. उष्णता कोठून आली, याचा त्या आकाराशी संबंध नसतो. दमट हवेत आघात तरंगाच्या मागे दाब एकदम उतरतो, हवा थंड होते व क्षणभर पांढऱ्या धुक्याचा घुमट दिसतो. अणुचाचण्यांच्या चित्रफितींमुळे हा घुमट लोकांच्या मनात अणुस्फोटाशी जोडला गेला असला, तरी तोही कोणत्याही पुरेशा मोठ्या स्फोटात दिसू शकतो. ढगाचा तांबूस रंग नायट्रोजनाच्या ऑक्साइडांमुळे येतो आणि तोही दोन्ही प्रकारांत आढळतो.

पूर्वपीठिका : अणुयुगाच्या आरंभापूर्वीही किलोटनाच्या जवळपास जाणारे स्फोट माणसाच्या परिचयाचे होते. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन शहराचा मोठा भाग उद्‌ध्वस्त झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजास आग लागली. त्यावर कापसाच्या गासड्या व सु. १,४०० टन स्फोटके होती. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. जहाजावरील सोन्याच्या लगडी शहरात दूरवर जाऊन पडल्याची आठवण मुंबईत पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. त्याच वर्षी १७ जुलै रोजी कॅलिफोर्नियातील पोर्ट शिकागो येथे जहाजांवर दारूगोळा भरताना स्फोट होऊन ३२० जण मृत्यू पावले. या स्फोटाबद्दल कित्येक वर्षांनी असा प्रवाद निघाला की, तो वास्तविक गुप्त अणुस्फोट होता. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेजवळ एका बाँबपुरतेही भंजनक्षम द्रव्य जमलेले नव्हते, एवढी एकच गोष्ट हा प्रवाद खोडून काढण्यास पुरेशी आहे. तरीही तो टिकून राहिला. मुंबईच्या स्फोटाविषयी असा प्रवाद कधी निघाला नाही, याचे कारण दोन्ही स्फोटांच्या स्वरूपात नसून अणुबाँब जेथे तयार झाला त्या देशाच्या कल्पनाशक्तीत शोधावे लागेल.

पहिल्या अणुस्फोटाआधी त्याची रंगीत तालीम रासायनिक स्फोटानेच झाली. ७ मे १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सु. १०० टन टी.एन.टी. रचून उडविण्यात आले. त्या ढिगात हॅनफर्ड येथील अणुभट्टीत तयार झालेले किरणोत्सर्गी द्रव्य नळ्यांतून घालण्यात आले होते. उपकरणांचे अंशांकन करणे आणि किरणोत्सर्गी कण कसे पसरतात ते पाहणे, हा त्यामागील उद्देश होता. १६ जुलै १९४५ रोजी ‘ट्रिनिटी’ चाचणी झाली, तेव्हा तिचा प्रकाश दूरच्या गावांतून दिसला व हादरे जाणवले. त्यावर जवळच्या हवाई तळाने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, एका एकाकी कोठारातील दारूगोळा व शोभेच्या दारूसारखी द्रव्ये यांचा स्फोट झाला असून जीवितहानी झालेली नाही, असे सांगण्यात आले. म्हणजे मानवाने केलेला पहिला अणुस्फोट जगापुढे प्रथम आला तो रासायनिक स्फोटाच्या नावाने. हिरोशिमापर्यंत तीन आठवडे हे निवेदन टिकले.

त्याला पहिला प्रतिकूल पुरावा मिळाला तो मात्र अनपेक्षित ठिकाणी. छायाचित्रणाच्या फिल्मवर विनाकारण डाग पडतात, अशी तक्रार १९४५ च्या अखेरीस ईस्टमन कोडॅक कंपनीकडे आली. कंपनीतील भौतिकीविज्ञ ज्यूल्यन वेब यांनी शोध घेतला, तेव्हा दोष फिल्मच्या वेष्टनासाठी वापरलेल्या गवती पुठ्ठ्यात असल्याचे आढळले. इंडियाना राज्यातील व्हिन्सेन्झ येथील गिरणीत, चाचणीच्या स्थळापासून दीड हजार किमी.हून अधिक अंतरावर, नदीचे पाणी वापरून हा पुठ्ठा तयार झाला होता. त्यात सेरियम-१४१ हा सु. ३२ दिवस अर्धायुष्य असलेला समस्थानिक मिळाला. तो निसर्गात आढळत नाही. युरेनियम वा प्लुटोनियम यांच्या भंजनातून तो निर्माण होतो. वेब यांनी हे संशोधन १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. पुढील सर्व किरणोत्सर्गी अभिज्ञानाचे तत्त्व या पुठ्ठ्याच्या प्रकरणात पूर्णपणे आले आहे.

हवेतील पुरावा : सोव्हिएट संघ अणुबाँब केव्हा तयार करील, हे जाणण्यासाठी अमेरिकेने १९४७ मध्ये अणुस्फोट शोधण्याची जबाबदारी आपल्या वायुदलाकडे सोपविली. १९४८ मधील एनिवेटॉक बेटावरील चाचण्यांच्या वेळी ध्वनी, भूकंप व किरणोत्सर्ग या तिन्ही मार्गांची परीक्षा झाली आणि विमानावर बसविलेला गाळणकागद सर्वांत विश्वसनीय ठरला. जपानहून अलास्काकडे जाणाऱ्या हवामान-निरीक्षक विमानाच्या गाळणकागदावर ३ सप्टेंबर १९४९ रोजी कॅमचॅटका द्वीपकल्पाच्या पूर्वेस नेहमीपेक्षा अधिक किरणोत्सर्ग आढळला. पाठोपाठ घेतलेल्या इतर नमुन्यांत व पावसाच्या पाण्यातही तो मिळाला.

केवळ किरणोत्सर्ग आढळणे पुरेसे नव्हते. तो अणुभट्टीतील गळतीचा किंवा ज्वालामुखीतून आलेला असू शकत होता. निर्णय झाला तो समस्थानिकांच्या परस्पर प्रमाणांवरून. अणुभट्टीत भंजन महिनोन्‌महिने चालू असते. त्यामुळे अल्पायुषी समस्थानिक निर्माण होत असतानाच क्षय पावत असतात व दीर्घायुषी साठत जातात. बाँबमध्ये सर्व समस्थानिक एकाच क्षणी जन्मतात. नंतर प्रत्येकजण आपापल्या गतीने कमी होत जातो, उदा., बेरियम-१४० चे अर्धायुष्य पावणेतेरा दिवस, झिर्कोनियम-९५ चे सु. ६४ दिवस, तर सेरियम-१४४ चे सु. २८५ दिवस असते. एकाच वेळी चालू केलेल्या, पण वेगवेगळ्या गतींनी चालणाऱ्या घड्याळांकडे पाहून ती चालू केल्याची वेळ काढावी, तशी ही रीत आहे. सर्व घड्याळांनी एकच जन्मतिथी सांगितली, तर तो स्फोट. न सांगितली, तर ती अणुभट्टी. येथे सर्वांनी ऑगस्टची अखेर सांगितली. प्रत्यक्ष चाचणी २९ ऑगस्ट १९४९ रोजी सेमिपलातिन्स्कजवळ झाली होती.

राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी २३ सप्टेंबर रोजी ही गोष्ट जाहीर केली. दोन दिवसांनी सोव्हिएट वृत्तसंस्था तास हिने उत्तर दिले : देशात जलविद्युत् केंद्रे, कालवे, खाणी व रस्ते यांची कामे मोठ्या प्रमाणावर चालू आहेत, त्यांसाठी प्रचंड सुरुंग लावावे लागतात, परदेशांचे लक्ष वेधले गेले असल्यास ते या सुरुंगांमुळे गेले असावे. त्याच निवेदनात अणुबाँबचे रहस्य आपणास १९४७ पासून ठाऊक असल्याचेही म्हटले होते. इनकार व कबुली यांचे असे मिश्रण राजनैतिक भाषेतही दुर्मिळच म्हणावे लागेल. पण सुरुंगातून बेरियम-१४० निघत नाही. अमेरिकेच्या १९४५ च्या निवेदनातील दारूगोळ्याचे कोठार आणि सोव्हिएट निवेदनातील कालव्याचे सुरुंग या एकाच जातीच्या सबबी होत, हे येथे नमूद केले पाहिजे.

प्रकाशाची दुहेरी झळक : वातावरणातील अणुस्फोटाची सर्वांत खास खूण त्याच्या प्रकाशात असते. स्फोटानंतर प्रथम अत्यंत तेजस्वी झळक दिसते. लगेच आघात तरंग अग्निगोलाच्या पुढे सरकतो व समोरची हवा इतकी तापवितो की, ती आयनीभूत होऊन अपारदर्शक बनते. आतील तप्त गोल या पडद्याआड झाकला जातो आणि तेज एकदम उतरते. तरंग पसरून थंड झाला की पडदा पुन्हा पारदर्शक होतो व आतील गोल दुसऱ्यांदा, अधिक काळपर्यंत, प्रकाशतो. सु. २० किलोटनांच्या स्फोटात मधला उतार सु. एक शतांश सेकंदाने व दुसरा उच्चांक सु. दीड दशांश सेकंदाने येतो; या कालांतरावरून स्फोटाची शक्तीही काढता येते. रासायनिक स्फोटातील काही हजार अंश तापमान हवेचा असा पडदा उभारण्यास अपुरे पडते.

ही दुहेरी झळक टिपणाऱ्या उपकरणास इंग्रजीत जे नाव पडले, ते ‘भांग’ या आपल्या शब्दावरून बनविलेले ‘भांगमीटर’ होय. पुढे न्यूट्रिनोच्या शोधाबद्दल १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे फ्रेडरिक राइनेस यांनी ते सुचविले. असले उपकरण चालेल यावर विश्वास ठेवण्यास भांगच प्यायला हवी, असा त्यातील विनोद होता. उपकरण उत्तम चालले आणि नाव कायम राहिले.

वातावरण, अवकाश व समुद्र यांतील चाचण्यांवर बंदी घालणारा करार ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे झाला. त्याच्या पालनावर लक्ष ठेवण्यासाठी ऑक्टोबर १९६३ पासून अमेरिकेने ‘व्हेला’ उपग्रहांच्या जोड्या सोडल्या. नंतरच्या जोड्यांवर भांगमीटरही होते. या उपग्रहांना १९६७ मध्ये अणुस्फोटाशी न जुळणारे गॅमा किरणांचे स्पंद आढळले. ते दूरच्या विश्वातून येत असल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यांतून खगोलशास्त्राची एक नवी शाखा निघाली. २२ सप्टेंबर १९७९ रोजी यांपैकी एका जुन्या उपग्रहाने दक्षिण गोलार्धात प्रिन्स एडवर्ड बेटांच्या बाजूस दुहेरी झळक नोंदविली. तोपर्यंत व्हेला उपग्रहांनी अशा ४१ झळका पाहिल्या होत्या व त्या सर्व पुढे अन्य मार्गांनी खऱ्या ठरल्या होत्या. या वेळी मात्र विमानांनी हवेचे नमुने घेऊनही किरणोत्सर्गी कण मिळाले नाहीत. शिवाय उपग्रहावरील दोन भांगमीटरांच्या नोंदी परस्परांशी नीट जुळत नव्हत्या. जॅक रुइना यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८० मध्ये, झळक बहुधा अणुस्फोटाची नसावी, उपग्रहावर आदळलेल्या सूक्ष्म उल्काकणाने परावर्तित केलेल्या सूर्यप्रकाशाची असावी, असे मत दिले. अनेक तज्ञांना ते पटले नाही. ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांच्या अवटु ग्रंथींत सापडलेले आयोडीन-१३१ व समुद्रातील ध्वनीच्या नोंदी यांच्या आधारे अलीकडच्या अभ्यासकांनी तो अणुस्फोटच होता असे प्रतिपादन केले आहे. उपलब्ध पुरावा पाहता हे दुसरे मत अधिक सबळ वाटते. पण एकच साक्षीदार असलेल्या प्रकरणाचा निकाल किती अवघड असतो, याचे हे प्रकरण उत्तम उदाहरण आहे.

भूमिगत स्फोट : जमिनीखाली स्फोट केल्यास झळक दिसत नाही व बहुतेक किरणोत्सर्गी द्रव्य वितळलेल्या खडकात अडकून राहते. उरतात ती भूकंपलेखकावरील नोंदी. नेव्हाडातील ‘रेनियर’ ही पूर्णपणे बंदिस्त अशी पहिली भूमिगत चाचणी १९ सप्टेंबर १९५७ रोजी झाली. तिची शक्ती १.७ किलोटन होती. तिचे तरंग २५० मैलांपलीकडे नोंदले गेले नाहीत, असे अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने मार्च १९५८ मध्ये जाहीर केले. चाचण्या लपविता येतात, म्हणून बंदीचा करार व्यर्थ आहे, या युक्तिवादास हा आकडा फार सोयीचा होता. आय. एफ. स्टोन या पत्रकाराने मात्र जुनी वृत्तपत्रे चाळून व भूकंपमापन खात्याकडे चौकशी करून, अलास्कातील केंद्रापर्यंत, म्हणजे सु. २,३०० मैलांवर, तिची नोंद झाल्याचे दाखवून दिले. आयोगाला आकडा दुरुस्त करावा लागला.

त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये जिनीव्हा येथे दोन्ही गटांतील तज्ञांची परिषद भरली. जमिनीवर १६० ते १७० आणि जहाजांवर १० अशी निरीक्षण केंद्रे उभारल्यास ५ किलोटनांपर्यंतचे स्फोट ओळखता येतील, असा निष्कर्ष तिने काढला. पण १९५९ मध्ये ॲल्बर्ट लॅटर यांनी दाखविले की, मोठ्या पोकळीत स्फोट केल्यास त्याचे भूकंपतरंग पुष्कळच क्षीण होतील. मिसिसिपी राज्यातील मिठाच्या घुमटात १९६४ मध्ये ५.३ किलोटनांचा स्फोट करून जी पोकळी निर्माण झाली, तिच्यातच १९६६ मध्ये ०.३८ किलोटनाचा दुसरा स्फोट करण्यात आला. तरंग सु. ७० पटींनी क्षीण झाल्याचे आढळले. लपविण्याची ही युक्ती सैद्धांतिक दृष्ट्या खरी आहे. तथापि एवढी पोकळी गुपचूप खोदणे व्यवहारात सोपे नाही.

या वादाचा एक लाभ मात्र निर्विवाद आहे. अणुचाचण्या ओळखता याव्यात म्हणून भूकंपविज्ञानास भरघोस पैसा मिळाला. १९६० नंतरच्या दशकात एकाच नमुन्याची उपकरणे असलेली सु. १२० केंद्रे जगभर उभारली गेली. त्यांत पुणे, नवी दिल्ली, शिलाँग व कोडईकनाल येथील केंद्रे होती. कर्नाटकात बंगलोरच्या उत्तरेस गौरीबिदनूर येथे १९६५ मध्ये ब्रिटनच्या सहकार्याने भूकंपमापकांची एक मालिका काटकोनी भुजांवर मांडण्यात आली. मुंबईतील ट्रॉम्बे येथील अणुसंशोधन केंद्राकडे तिचे काम आहे. अनेक मापकांच्या नोंदींची योग्य कालांतराने बेरीज केली की, सभोवतालचा गोंगाट दबतो व दुरून येणारा क्षीण तरंग उठून दिसतो.

भूकंप व स्फोट यांतील फरक आता बऱ्याच खात्रीने सांगता येतो. भूकंपात खडकाचे दोन भाग परस्परांवरून घसरतात. त्यामुळे काही दिशांना पहिला धक्का बाहेरच्या बाजूस, तर काही दिशांना आतल्या बाजूस बसतो आणि द्वितीयक व पृष्ठीय तरंग जोरदार असतात. स्फोट सर्व दिशांना सारखाच बाहेर ढकलतो. त्यात प्राथमिक तरंग ठळक व पृष्ठीय तरंग तुलनेने दुबळे असतात. खाणीतील सुरुंगही वेगळे ओळखता येतात. तेथे शेकडो छिद्रे काही सहस्रांश सेकंदांच्या अंतराने क्रमाने उडवितात व त्या क्रमाचा ठसा तरंगांच्या वर्णपटावर उमटतो. शिवाय असे ‘भूकंप’ दिवसा कामाच्या वेळी होतात व सुटीच्या दिवशी थांबतात, ही साधी गोष्टही तज्ञांना उपयोगी पडलेली आहे.

खरा पेच वेगळाच आहे. पुरेसे रासायनिक स्फोटक जमिनीखाली एकाच ठिकाणी रचून एकाच क्षणी उडविले, तर? याचे उत्तर नेव्हाडात २२ सप्टेंबर १९९३ रोजी प्रत्यक्ष प्रयोगाने मिळविण्यात आले. रेनियर पठाराखाली सु. ३९० मी. खोलीवर १५ मी. व्यासाची व साडेपाच मी. उंचीची कोठी खोदून तीत सु. १,२९० टन अमोनियम नायट्रेटयुक्त स्फोटक भरले व ते एकदम उडविले. त्याची शक्ती एक किलोटनाहून किंचित जास्त होती. जवळच पूर्वी झालेल्या अणुचाचण्यांच्या नोंदींशी त्याच्या नोंदी ताडून पाहता दोन्ही जवळजवळ सारख्याच निघाल्या. भूकंपलेखक स्फोट झाला हे सांगतो, कोठे व केवढा तेही सांगतो. पण तो कशाचा होता हे सांगू शकत नाही.

त्याच प्रयोगात या पेचाच्या उत्तराचीही चाचणी झाली. कोठीत हीलियम-३ व सल्फर हेक्झाफ्ल्युओराइड हे वायू थोड्या प्रमाणात ठेवलेले होते. स्फोटाने पृष्ठभागावर नवा खड्डा किंवा भगदाड पडले नव्हते. तरीही हवेचा दाब कमीजास्त होताना खडकातील भेगांतून ते हळूहळू वर शोषले गेले. सल्फर हेक्झाफ्ल्युओराइड ५० दिवसांनी व हीलियम-३ सु. ३७५ दिवसांनी पृष्ठभागावर मिळाले. हलका वायू आधी यावा अशी सामान्य अपेक्षा असते. परंतु तो भेगांच्या बाजूच्या खडकात लवकर झिरपतो व म्हणूनच मागे पडतो. भूमिगत अणुस्फोटातील झेनॉन व आर्गॉन हे वायू याच वाटेने बाहेर येतात. झेनॉन रासायनिक दृष्ट्या अक्रिय असल्याने खडकात अडकत नाही. त्याच्या झेनॉन-१३३ (अर्धायुष्य सु. ५.२ दिवस), झेनॉन-१३५ (सु. ९ तास) व आणखी दोन क्षोभित समस्थानिकांच्या प्रमाणांवरून स्फोट व अणुभट्टी यांतील भेद पूर्वी सांगितलेल्या घड्याळांच्या रीतीने करता येतो. वैद्यकीय उपयोगाचे समस्थानिक बनविणारे कारखानेही झेनॉन सोडतात. त्यांचा गोंधळ वजा करणे हे या शाखेतील आजचे मोठे काम आहे. आर्गॉन-३७ हा समस्थानिक न्यूट्रॉन खडकातील कॅल्शियमावर आदळून तयार होतो व सु. ३५ दिवस अर्धायुष्यामुळे प्रत्यक्ष स्थळ-तपासणीस उपयोगी पडतो.

उत्तर कोरियाची उदाहरणे : सप्टेंबर २००४ मध्ये उत्तर कोरियात चीनच्या सीमेजवळ मोठा ढग दिसल्याच्या वार्तेने अणुचाचणीचा संशय निर्माण झाला. जलविद्युत् प्रकल्पासाठी डोंगर उडविला, असा खुलासा सरकारने केला. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या तासच्या निवेदनाची आठवण अनेकांना झाली असेल. पण या वेळी किरणोत्सर्गाचा पुरावा मिळाला नाही. ९ ऑक्टोबर २००६ रोजी त्या देशाने अणुचाचणी जाहीर केली, तेव्हा संशय उलट्या दिशेने घेतला गेला. स्फोट एक किलोटनाहूनही लहान होता. तेवढे रासायनिक स्फोटक भुयारात साठवून उडविणे अशक्य नव्हते. काही दिवसांत विमानाने घेतलेल्या नमुन्यांत किरणोत्सर्गी द्रव्य मिळाले व दोन आठवड्यांच्या सुमारास कॅनडातील यलोनाइफ येथे झेनॉन-१३३ आढळला, तेव्हा प्रश्न मिटला.

२५ मे २००९ च्या चाचणीनंतर मात्र कोठेही झेनॉन मिळाला नाही. महत्ता सु. ४.५ होती, म्हणजे स्फोट काही किलोटनांचा होता. तो रासायनिक असावा असे मानायचे, तर काही हजार टन स्फोटके उपग्रहांच्या नजरेखालून भुयारात नेऊन ती एका क्षणात उडविली असे मानावे लागते. बहुतेक तज्ञांनी हे असंभाव्य मानले व स्फोट चांगला बंदिस्त झाल्यामुळे वायू बाहेर आला नाही, असा अर्थ लावला. हा निष्कर्ष योग्य आहे; पण तो अनुमानाचा आहे, प्रत्यक्ष पुराव्याचा नव्हे. १२ फेब्रुवारी २०१३ च्या चाचणीनंतर प्रथम काहीच मिळाले नाही आणि ५५ दिवसांनी जपानमधील ताकासाकी येथे झेनॉनचे दोन समस्थानिक मिळाले. त्यांचे प्रमाण तितक्याच जुन्या भंजनाशी जुळत होते. ३ सप्टेंबर २०१७ च्या चाचणीची महत्ता सु. ६.१ होती. एवढ्या मोठ्या स्फोटाबाबत रासायनिक पर्यायाचा विचारही उद्‌भवत नाही. संशयाचे क्षेत्र एक-दोन किलोटनांच्या आसपासच आहे.

बैरूत, २०२० : ४ ऑगस्ट २०२० रोजी लेबाननच्या राजधानीतील बंदराच्या गोदामात वर्षानुवर्षे पडून असलेल्या सु. २,७५० टन अमोनियम नायट्रेटाचा स्फोट झाला. पांढरा घुमट, तांबूस ढग व उद्‌ध्वस्त शहर यांची चित्रे काही मिनिटांत जगभर पोहोचली व अणुबाँबची अफवा त्यांच्या बरोबरीनेच पसरली. अभिज्ञानाच्या दृष्टीने हे प्रकरण सोपे होते. कॅमेरे आंधळे करणारी आरंभीची झळक नव्हती. आधीपासून आग व धूर दिसत होता आणि त्यात फटाक्यांसारखे लहान स्फोट चालू होते. ज्यांनी हे चित्रण जवळून केले त्यांना उष्णतेच्या प्रारणाने भाजल्याच्या खुणा नव्हत्या. भूकंपीय महत्ता सु. ३.३ भरली. सु. अर्धा ते एक किलोटन हा स्फोट नेव्हाडासारखा जमिनीत बंदिस्त असता, तर ती चारच्या जवळपास गेली असती. पृष्ठभागावरील स्फोटाची बहुतेक ऊर्जा हवेत जाते, म्हणून ती इतकी कमी आली. अवश्राव्य ध्वनीची केंद्रे मात्र जर्मनी व ट्युनिशिया येथपर्यंत स्पष्ट नोंद करून गेली.

ही केंद्रे सर्वंकष अणुचाचणीबंदी करारान्वये उभारली गेली आहेत. २४ सप्टेंबर १९९६ रोजी स्वाक्षऱ्यांसाठी खुल्या झालेल्या या कराराने १७० भूकंपीय, ११ जलध्वनी, ६० अवश्राव्य ध्वनी व ८० किरणोत्सर्गमापक अशी ३२१ केंद्रे आणि १६ प्रयोगशाळा निश्चित केल्या. खाणी व बांधकामे यांतील स्फोटांनी संशय वाढू नये म्हणून ३०० टन टी.एन.टी. किंवा त्याहून अधिक शक्तीचा रासायनिक स्फोट एकदम करावयाचा असल्यास राष्ट्रांनी तो स्वेच्छेने कळवावा, अशीही तरतूद त्यात आहे. भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. मे १९९८ मध्ये पोखरण येथे झालेल्या चाचण्यांपैकी ११ मेच्या चाचण्या जगभर नोंदल्या गेल्या, तर १३ मे रोजी झालेल्या, एक किलोटनाहून कमी शक्तीच्या म्हणून जाहीर केलेल्या दोन चाचण्या परदेशी केंद्रांना आढळल्या नाहीत.

करार अजून अंमलात आलेला नाही. अमेरिका व चीन यांनी तो अनुसमर्थित केलेला नाही आणि रशियाने दिलेले अनुसमर्थन २०२३ मध्ये मागे घेतले. निरीक्षण केंद्रे त्यापूर्वीपासूनच काम करीत आहेत व त्यांच्या नोंदी सदस्य राष्ट्रांना रोज मिळतात. परंतु संशयास्पद स्थळी तपासनीस पाठवून जमिनीतील भेगांतून आर्गॉन-३७ व झेनॉन यांचे नमुने घेण्याचा अधिकार करार अंमलात आल्यावरच प्राप्त होणार आहे. १९९३ च्या प्रयोगाने ज्या एकाच बाबतीत भूकंपलेखक असमर्थ ठरविला, नेमक्या त्या बाबतीतील अंतिम परीक्षा त्यामुळे प्रत्येक वेळी वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून राहते.